जगाची उठाठेव आपल्याला कशाला? : व्याख्यानमालेच्या संयोजन समितीला खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि संयोजन समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र मी आधी बंद पाकिटातून घरपोच देणार होतो. पाकीट आणूनही ठेवलं होतं. पण गेल्या बैठकीत तुमच्यापैकी एकजण म्हणाले, "लोकांनाच नको आहेत हो असले विषय." तुम्ही लोकांचं नाव घेतलंत, म्हणून लोकांसमोरच लिहितो.

विषय आपल्या बेळगावच्या व्याख्यानमालेतल्या तिसऱ्या दिवसाच्या व्याख्यानाचा आहे. 'परराष्ट्र धोरणातला अलगतावाद', म्हणजे जगाच्या भानगडींपासून देशानं दूर राहण्याचा विचार, हे व्याख्यान जुलैच्या बैठकीत ठरलं. वक्ते धारवाडचे निवृत्त प्राध्यापक. घरची भाषा कानडी, पण मराठी आपल्यापैकी पुष्कळांहून स्वच्छ. मानधन नको म्हणाले, फक्त जाण्यायेण्याला गाडी मागितली. ऑक्टोबरात व्याख्यान रद्द झालं आणि त्या जागी तणाव विसरायला लावणारा हास्याचा कार्यक्रम आला. हसायला मलाही आवडतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. व्याख्यान ज्या कारणांसाठी रद्द झालं त्याबद्दल आहे. मी त्या बैठकीत मागच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा ही कारणं ऐकीव नाहीत.

एकजण म्हणाले, "आपला सीमेचा प्रश्न सुटेना, आणि आपण अमेरिकेच्या उठाठेवी करायच्या?" दुसरे म्हणाले, "अलिप्ततावाद म्हणजे नेहरूंचंच ना ते? जुनं झालं आता." आणि चहा येता येता कुणीतरी हळूच विचारलं, "मराठी वक्ता मिळाला नाही काय?"

तिन्ही कारणांना उत्तर द्यायचं आहे. पण आधी हा विषय मला एवढा का लागला ते सांगतो, कारण मी प्राध्यापक नाही. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं माझी शेड आहे. संगणकावर चालणारी तीन यंत्रं (दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी), सहा माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, येतं, आम्ही मशिनिंग करतो, तेल लावून पॅक करतो आणि माल जातो. कुठं जातो ते चलनावर नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं: अमेरिकेला. पंपाची हाउसिंग, म्हणजे पंपाची बाहेरची कवचं. मी अमेरिका पाहिलेली नाही. पण माझ्या पोराची इंजिनिअरिंगची फी त्या हाउसिंगांतून गेली आहे.

यंदाच्या ऑगस्टात फाउंड्रीवाल्यांचा फोन आला. "नवं कास्टिंग पाठवत नाही. झालेलं तिकडंच ठेवा." २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतातून जाणाऱ्या बऱ्याच मालावरचं अमेरिकेचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. पंचवीस आधीच लावलं होतं, वर आणखी पंचवीस; आणि त्या वरच्या पंचविसाचं कारण सांगितलं गेलं ते आपण रशियाकडून घेतो त्या तेलाचं. माझ्या शेडच्या कोपऱ्यात मालानं भरलेली अकरा लाकडी पॅलेट उभी राहिली. परदेशी जाणाऱ्या लाकडातून कीड जाऊ नये म्हणून ते भट्टीत तापवून घेतात आणि त्यावर तसा शिक्का मारतात. शिक्का मारलेली ती पॅलेट गणपती झाले, दसरा झाला तरी जागची हलली नाहीत. बेळगावच्या पावसात उघड्या लोखंडाला गंज धरायला एक रात्र पुरते. आमचा एक मुलगा, कंग्राळीहून सायकलनं येतो, दर सोमवारी प्लास्टिक काढून प्रत्येक नगाला पुन्हा तेल फासायचा. एकदा तेलाचा ब्रश हातात धरून त्यानं मला विचारलं, "सायेब, हे थांबवलंय कुणी?"

"अमेरिकेनं."

"का म्हणून?"

"आपण रशियाचं तेल घेतो म्हणून."

"मग त्यात आमच्या हाउसिंगचा काय संबंध?"

मला उत्तर देता आलं नाही. ते मिळावं म्हणून मी जुलैपासून त्या व्याख्यानाची वाट बघत होतो. ऑगस्टनंतर तर दिवस मोजत होतो.

आता तुमच्या कारणांकडं येतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू, कारण निम्मा गोंधळ तिथंच आहे. अलिप्ततावाद आणि अलगतावाद हे एक नव्हेत. अलिप्ततावादाची जी वाट १९५५ ला बांडुंगच्या आणि १९६१ ला बेलग्रेडच्या परिषदेत धरली गेली, तिचा अर्थ एवढाच की अमेरिकेच्या किंवा रशियाच्या गटात नाव नोंदवायचं नाही. जगापासून तोंड फिरवायचं असा तिचा अर्थ कधीच नव्हता. उलट कोरियाचं युद्ध थांबल्यावर १९५३ ला युद्धकैद्यांचा किचकट प्रश्न सोडवायला जो तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला, त्याचं अध्यक्षपद आपल्या जनरल थिमय्यांकडं होतं आणि कैदी सांभाळायला आपलेच जवान तिकडं गेले होते. भांडणात पक्ष न घेणारा माणूस मध्यस्थीला बोलावतात, तसं ते होतं. अलगतावादी माणूस त्या गल्लीतच जात नाही. आपण बरं, आपलं घर बरं.

आणि हा विचार काही मूर्खांच्या डोक्यातून निघालेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. १७९६ ला अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी निरोपाच्या लेखात देशाला बजावलं की परक्या देशांशी कायमची युती बांधून घेऊ नका. देश नवा, दुबळा. फ्रान्स आणि इंग्लंड हातघाईवर आलेले. दोघांच्या भांडणात आपण चिरडले जाऊ ही भीती खरी होती. १८०१ ला अध्यक्ष जेफरसन यांनी तेच सांगितलं: मैत्री सगळ्यांशी, गुंतवणाऱ्या युत्या कुणाशीच नाहीत. व्यापाराला दोघांचाही विरोध नव्हता, उलट व्यापार वाढावा म्हणूनच हात मोकळे हवे होते. दोन बाजूंना दोन महासागर, असं घर कुणाला मिळतं? १८२३ ला अध्यक्ष मन्रो यांनी युरोपला सांगितलं की तुम्ही आमच्या खंडात येऊ नका, आम्ही तुमच्या भानगडीत पडणार नाही. यातली मेख अशी की स्वतःच्या खंडात अमेरिका अजिबात 'अलग' नव्हती. हैतीमध्ये १९१५ पासून १९३४ पर्यंत तिचं सैन्य ठाण मांडून होतं. म्हणजे अलगतावादाचा अर्थ दारं लावून घेणं असाच दरवेळी होत नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की मी कुणाला बांधील नाही. हे कळल्यावर ऑगस्टातला तो फोन मला थोडा कळायला लागला. एकीकडं जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडायचं ठरवायचं आणि दुसरीकडं इराणवर बॉम्ब टाकायचे, हे २०२५ मध्येच घडलं आणि मला ते परस्परविरोधी वाटत होतं. तसं ते नाही. दोन्हीकडं सूत्र एकच: हात मोकळे हवेत.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेची लाखावर माणसं गेली. घरी परतलेल्यांनी विचारलं, कशासाठी? त्या प्रश्नाला अध्यक्ष विल्सन यांच्याकडं राष्ट्रसंघाचं, म्हणजे सगळ्या देशांनी मिळून शांतता राखण्याच्या संघटनेचं, उत्तर होतं, पण त्या संघाचा करार ज्यात होता तो व्हर्सायचा तह त्यांच्याच देशाच्या सिनेटनं नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि पुन्हा मार्च १९२० मध्ये नाकारला. दुसऱ्या खेपेला मतं पडली ४९ विरुद्ध ३५. तहाला लागणाऱ्या दोन तृतीयांशाला सात कमी. ज्याचं बारसं अमेरिकेच्या अध्यक्षानं केलं त्या राष्ट्रसंघात अमेरिका कधी गेलीच नाही. पुढं १९३० ला स्मूट-हॉली कायदा आला, आयात शुल्क वाढवणारा. अध्यक्ष हूव्हर यांनी सही करू नये म्हणून १०२८ अर्थतज्ज्ञांनी निवेदन दिलं. हूव्हर यांनी सही केली. इतर देशांनी उलट शुल्कं लावली. १९२९ ते १९३४ या काळात जगाचा व्यापार दोन तृतीयांशानं आटला. सगळा दोष त्या एका कायद्याचा नव्हे, मंदी आधीच आली होती. पण बुडत्याला आधार म्हणून त्यांनी गळ्यात धोंडा बांधला.

मग १९३५ पासून तटस्थतेचे कायदे. लढणाऱ्या देशांना शस्त्रं विकायची नाहीत, कर्ज द्यायचं नाही. पुढं त्यात 'रोख द्या आणि स्वतःच्या जहाजातून माल न्या' अशी सवलत आली. आपल्या किराणा दुकानातल्या 'आज रोख, उद्या उधार' या पाटीचीच ती थोरली बहीण. लोक हे खुशीनं मानत होते. युद्धात पैसा शस्त्रांच्या कारखानदारांनी केला आणि मेली शेतकऱ्याची पोरं, असं त्यांना वाटत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. १९४० च्या सप्टेंबरात, अमेरिकेनं युद्धात पडू नये म्हणणारी 'अमेरिका फर्स्ट' समिती निघाली, तिची सभासदसंख्या आठ लाखांवर गेली. वैमानिक लिंडबर्ग तिचे स्टार वक्ते, आणि सप्टेंबर १९४१ मधल्या भाषणात त्यांनी ज्यूंना युद्धखोर ठरवून त्या चळवळीला जो डाग लावला तो अजून निघालेला नाही. 'आपलं आपण बघू' ही भाषा किती लवकर 'आपल्यातले परके कोण' इकडं वळते, हे त्यातून दिसतं. १२ ऑगस्ट १९४१ ला सक्तीच्या लष्करभरतीची मुदत वाढवण्याचा ठराव प्रतिनिधिगृहात संमत झाला तो २०३ विरुद्ध २०२ मतांनी. एका मतानं. चार महिन्यांत, ७ डिसेंबरला, पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला. समिती त्याच आठवड्यात गुंडाळली गेली.

आता तुम्ही विचाराल, यात बेळगाव कुठं आलं?

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९४४ ला इटलीत. यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि पुढं नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती ही आघाडी. आजोबा लढाईबद्दल बोलत नसत. बोलत ते चिखलाबद्दल, आणि एका म्हातारीबद्दल, जिनं त्यांना उकडलेले बटाटे दिले होते. आमची आजी म्हणायची, "कुठलं ते इटली, कुणाचं ते भांडण!" आणि तिचं बरोबरच होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. वॉशिंग्टनमध्ये तटस्थतेचा कायदा करणाऱ्यांनी नाही, लंडनमधून युद्ध पुकारणाऱ्यांनी नाही. आपण जगाच्या उठाठेवी करत नव्हतो, तरी जगानं आपल्या घरात येऊन माणूस नेला.

आणखी मागं जा. एप्रिल १९१६ च्या अखेरीस बेळगावात प्रांतिक परिषद भरली होती आणि २८ तारखेला टिळकांनी इथंच होमरूल लीग स्थापन केली. आपण दरवर्षी ते अभिमानानं सांगतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कुत-अल-अमारा इथं वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेनं तुर्कांपुढं शस्त्रं ठेवली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. एकाच आठवड्यात स्वराज्याची मागणी बेळगावात आणि मराठी शिपाई तैग्रिसच्या काठी उपाशी. या दोन गोष्टी मी आपल्या व्याख्यानमालेत कधी एका श्वासात ऐकल्या नाहीत. टिळकांवर तीन व्याख्यानं झाली, कुतवर एकही नाही.

१९२४ चंही तसंच. काँग्रेस विहिरीसमोरून आपण रोज जातो. गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन, डिसेंबर १९२४, टिळकवाडी. त्याची शताब्दी नुकतीच झाली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेनं कायदा करून परदेशातून येणाऱ्यांचा कोटा आणखी आवळला आणि आशियाई माणसाला दार जवळजवळ बंद केलं. आज आपल्या गल्लीतली निम्मी पोरं व्हिसाच्या रांगेत आहेत. त्यांना हे कुणी सांगायचं?

सीमाप्रश्नाचं कारण तुम्ही दिलंत, त्यावर जपून लिहितो, कारण तो माझाही प्रश्न आहे. एक नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, मी शेड बंद ठेवतो. पण दाराला कडी लावली की काय होतं, हे आपल्याहून जास्त कुणाला माहीत असणार? डिसेंबर २०२२ आठवा. इकडं कर्नाटकात गाड्यांवर दगड, तिकडं महाराष्ट्रात गाड्यांना काळं, आणि दोन्हीकडच्या बस बंद. माझी थोरली बहीण कागलला दिलेली. तिच्या दिराच्या लग्नाचा बस्ता घेऊन ती कोगनोळी नाक्यापर्यंत वडापनं आली, पिशव्या घेऊन नाका चालत ओलांडला आणि पलीकडं मी मोटारसायकल घेऊन उभा. ती हसत म्हणाली, "माहेराला यायला पासपोर्ट लागंल आता." ज्यांनी बस बंद केल्या त्यांच्यापैकी कुणाची बहीण त्या नाक्यावर चालत नव्हती. अलगतेचं बिल असंच असतं, मागवतो एक आणि भरतो दुसरा. हे व्याख्यान आपल्या प्रश्नापासून दूर नेणारं होतं असं तुम्हाला वाटलं. मला वाटतं, आपल्या प्रश्नाच्या इतकं जवळचं व्याख्यान गेल्या दहा वर्षांत झालं नसतं.

आणि वक्त्याच्या भाषेची ती कुजबुज. त्यावर एवढंच, की ते गृहस्थ मराठीत बोलणार होते, मराठी श्रोत्यांसाठी, फुकट. आपल्या भाषेचा मान राखणाऱ्या माणसाला आपण दारातून परत पाठवलं. मला त्याची लाज वाटली. फोन करून त्यांना व्याख्यान रद्द झाल्याचं कळवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, कारण ओळख माझी होती. ते म्हणाले, "असू दे हो, पुढच्या वर्षी बघू." मला त्यांनी रागावलेलं चाललं असतं.

मी धुतल्या तांदळाचा आहे असंही नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात भारत आशियातल्या मोठ्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला, तेव्हा उद्यमबागेत पेढे वाटणाऱ्यांत मी होतो. चिनी कास्टिंग शुल्काशिवाय आलं असतं तर माझी शेड वर्षभरात भंगारात गेली असती असं मला वाटत होतं, आणि आजही वाटतं. म्हणजे स्वतःच्या शेडच्या दारात मीही अलगतावादीच, आणि अमेरिकेनं तेच केलं की मला अन्याय दिसतो. यातलं किती बरोबर आणि किती सोयीचं, हे मला एकट्याला उलगडत नाही. म्हणून तर जाणत्या माणसाला समोर बसवून चार प्रश्न विचारायचे होते.

माझ्या मागण्या अशा.

रद्द केलेलं व्याख्यान याच मालेत परत घ्या. तिसरा दिवस नको असेल तर चौथा वाढवा. सभागृहाचं एका संध्याकाळचं भाडं आणि धारवाडच्या गाडीचा खर्च मी देतो. वक्त्यांना समितीनं लेखी दिलगिरी कळवावी, माझ्या तोंडी नव्हे. यापुढं ठरलेलं व्याख्यान रद्द केलं तर त्याचं कारण वार्षिक अहवालात छापावं. 'अपरिहार्य कारणास्तव' हे कारण नव्हे. दरवर्षी निदान एक संध्याकाळ बाहेरच्या जगासाठी राखून ठेवा. मग विषय पाण्याचा असो, व्हिसाचा असो की युद्धाचा. आणि प्रश्नोत्तरांना अर्धा तास द्या. 'वेळेअभावी प्रश्न घेता येत नाहीत' म्हणून आभाराला वळायचं आणि आभारात पंधरा मिनिटं सत्तावीस नावं घ्यायची, हे आता पुरे.

लोकांना असले विषय नको असतात, याबद्दल. कंग्राळीच्या त्या मुलाला मी व्याख्यान रद्द झाल्याचं सांगितलं, तर त्यानं विचारलं, "मग आता कोण सांगणार?" तो सहामाही वर्गणी भरणारा सभासद नाही, हे खरं. त्या संध्याकाळी आमच्या शेडमधून सहाजण येणार होते. हजेरी मी घेतली होती.

पत्रिका अजून छापखान्यातच आहे, तिसऱ्या दिवसाचं पान लागलेलं नाही. सोमवारपर्यंत थांबतो म्हणून छापखान्याच्या मालकांनी मला सांगितलं आहे. माझी यंदाची वर्गणी आणि भाड्याचा चेक त्याच न वापरलेल्या पाकिटात घालून कार्यवाहांच्या घरी शनिवारी आणून देतो.

आपला,
उद्यमबागेतला एक जुना वर्गणीदार